क्रॉस गाय दर 21 दिवसांनी उलटून राहिली, विकू की ठेवू? (कळमेश्वर, नागपूर)

कळमेश्वरवाला:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहून राहिलो पण पूर्ण वाचून सांगा ही विनंती. आमचं गाव कळमेश्वर तालुक्यात, तीन एकर वावर, सोयाबीन-तूर अन् थोडी कपाशी. कोठ्यात एक एचएफ (होल्स्टीन) क्रॉस गाय, एक जर्सी क्रॉस, एक आपली नागपुरी म्हैस आणि जर्सीची एक कालवड. मी हिंगण्याच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये जातो त्यामुळे दिवसभर ढोरांकडे आईच पाहते, चारापाणी, शेण, दूध सगळं तीच, मी आपला सकाळी नाहीतर रात्री जसा सापडेल तसा.

प्रश्न एचएफचा आहे. दिवाळीच्या आधी व्याली, काही त्रास नाही, वार पण वेळेवर पडली. मग माजावर आली, भरवली (कृत्रिम रेतन केलं), आणि तेव्हापासून बरोबर 21 दिवसांनी परत माजावर येते. सोट (माजातला चिकट स्राव) साफ असते, पाण्यासारखी, वास नाही काही नाही. भरायला येणारा माणूस चांगला आहे पण त्याच्याकडे पाच-सहा गावं, सकाळी फोन केला तर कधी 11 ला येतो कधी दुपारी 3 ला, कधी दुसऱ्या दिवशीच. दूध आता निम्म्यावर आलं, अजून दोन-तीन महिन्यांत आटेल आणि गाय रिकामी उभी राहील. एक व्यापारी दारात येऊन बसतो, म्हणतो भाऊ देऊन टाका, ही आता लागत नाही.

म्हशीचं तर कळतच नाही, उन्हाळ्यापासून माज दाखवलाच नाही तिनं. गावात आधी गायकी होता, गोहनात ढोरं जायची तर तोच संध्याकाळी सांगायचा की तुमची गाय माजावर आहे, आता कोणी गायकी राहायला तयार नाही, ढोरं दावणीलाच.

आता मला हे सांगा की गाय विकावी का, की कोणाचा सांड आणून लावावा, की ते नवीन कालवडच होणारं सिमेन येतं ते भरावं? आणि चाऱ्यात काही चुकत असेल तर तेही. सध्या सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा), तुरीचं कुटार, सरकी ढेप, हिरवा चारा फेब्रुवारीनंतर नाहीच.

काटोलचा दूधवाला:
भाऊ, विकायचं सध्या डोक्यातून काढा. 21 दिवसांनी बरोबर परत येते म्हणजे तिचं चक्र चालू आहे, अंडाशय काम करून राहिलं. जी गाय माजावरच येत नाही तिचा घोर मोठा असतो. तुमचा प्रश्न मला तरी टायमिंगचा वाटतो.

माज टिकतो 12 ते 18 तास. सरळ हिशोब असा की सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. पण यात एक गोष्ट लोक विसरतात, सकाळी "दिसला" म्हणजे सकाळी "सुरू झाला" असं नाही. बहुतेक गायी रात्री नाहीतर पहाटे माजावर येतात. आईनं 8 वाजता दूध काढताना पाहिलं तेव्हा तो रात्री 1 वाजतापासूनचाही असू शकतो, आणि माणूस आला दुसऱ्या दिवशी दुपारी, तर त्या कांडीचा (सिमेनच्या नळीचा) काही उपयोग नाही, पैसे गेले अन् 21 दिवस पण गेले.

म्हणून रात्री जेवण झालं की 10 च्या सुमारास बॅटरी घेऊन कोठ्यात पंधरा-वीस मिनिटं फक्त उभं राहा, काम करू नका, चारा टाकू नका, नुसतं पाहा. आणि पहाटे 5 ला परत. गाय बसलेली असली की सोट खाली जमिनीवर ओघळलेली दिसते, उभी असली की शेपटीला आणि मागच्या मांडीला चिकटून वाळलेली दिसते, ती वाळलेली चकाकी बॅटरीत बरोबर दिसते. शेपटीच्या मुळाशी केस विस्कटलेले असतील तर दुसरीनं तिच्यावर उडी मारली आहे. दावणीला बांधलेल्या ढोरांत हे उड्या मारणं दिसतच नाही हा मोठाच तोटा आहे, जमलं तर सकाळ-संध्याकाळ अर्धा तास अंगणात मोकळ्या सोडा. जी खाली उभी राहून दुसरीला चढू देते ती खरी माजावर, जी चढते ती असेल नसेल.

आणि अजून एक, माजानंतर दोन-तीन दिवसांनी कधीकधी शेपटीला थोडं रक्त दिसतं. घाबरू नका आणि त्या दिवशी भरूही नका, तो माज होऊन गेला याची खूण आहे. तारीख लिहून ठेवा आणि तिथून 16-17 दिवसांनी रात्रीची नजर सुरू करा.

कळमेश्वरवाला:
काटोलवाले दादा, रक्ताचं तर आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आई म्हणते असं रक्त दोन वेळा दिसलं होतं आणि तिला वाटलं गाभ पडला. रात्रीचं नक्की करतो, सेकंड शिफ्टला मी येतोच 11 ला, तेव्हा पाहीन.

ढोरांचा डॉक्टर:
मी पशुवैद्यक आहे, भंडारा रोडकडच्या गावांत काम करतो. टायमिंगबद्दल काटोलच्या दादांनी बरोबर लिहिलंय. त्यात माझी भर.

लागोपाठ तीन वेळा नीट भरून, सोट साफ असून, चक्र नियमित असून गाय गाभण राहत नसेल तर तिला आम्ही उलटणारी गाय म्हणतो, आणि तिची तपासणी झाल्याशिवाय चौथी कांडी भरू नये. तपासणी म्हणजे हात घालून गर्भाशय आणि अंडाशय पाहणं, सोट नीट पाहणं. वरून साफ दिसणाऱ्या सोटेतही कधीकधी बारीक पांढरे कण असतात, ते सौम्य इन्फेक्शन, तेवढ्यानं गर्भ टिकत नाही. नागपूरला सेमिनरी हिल्सवर व्हेटरनरी कॉलेज आहे, 1958 पासूनचं, तिथल्या दवाखान्यात गायनॅकचे डॉक्टर असतात. गाय न्यायला गाडीभाडं लागेल हे मान्य, पण नुसत्या अंदाजानं हार्मोनची इंजेक्शनं मारत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. हार्मोन कधी द्यायचं हे अंडाशयावर काय सापडतं त्यावर ठरतं, मेडिकलवाल्याच्या सांगण्यावर नाही. गाय नेणं जमत नसेल तर 1962 वर फोन करा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची गाडी येते.

भरणाऱ्या माणसासमोर उभे राहा आणि पाहा. कांडी नायट्रोजनच्या कंटेनरमधून निघते उणे 196 डिग्रीवरून, ती 37 डिग्रीच्या कोमट पाण्यात 30 सेकंद धरायची असते. थर्मास आणि थर्मामीटर त्याच्याकडे असलंच पाहिजे. हातावर चोळून किंवा खिशात ठेवून वितळवलेली कांडी म्हणजे निम्मे शुक्राणू गेलेच समजा, आणि नागपूरच्या मे महिन्यात तर उघडी कांडी हातात घेऊन अंगणभर चालणं पण चालत नाही. हे विचारलं तर कोणी रागावू नये, तुमची गाय आहे, तुमचे पैसे आहेत.

रिकामी कांडी फेकू नका. तिच्यावर वळूचा नंबर छापलेला असतो. कॅलेंडरच्या त्या तारखेला टेपनं चिकटवून ठेवा. उद्या याच गायीची कालवड भरायची वेळ आली तर तिच्या बापाचंच सिमेन तिला भरलं जाऊ नये, यासाठी दुसरा पुरावाच नसतो आपल्याकडे. लहान गोठ्यात रक्तातलं रक्त असंच होतं, कोणाला पत्ता लागत नाही, आणि दोन पिढ्यांत कमजोर वासरं सुरू होतात.

आता चारा. तुम्ही लिहिलंय त्यात दोन मोठे खड्डे आहेत. सोयाबीन आणि तुरीच्या कुटारात फॉस्फरस फार कमी, आणि फेब्रुवारीनंतर हिरवं नाही म्हणजे व्हिटॅमिन ए पण नाही. दोन्ही गोष्टी गाभण राहण्याशी थेट जोडलेल्या आहेत. रोज 50 ग्रॅम चांगलं मिनरल मिक्स्चर प्रत्येक मोठ्या जनावराला, न चुकता, वर्षभर. लोक एक पुडा आणतात, संपला की बंद, त्याचा फायदा दिसत नाही. ढेपेसोबत गव्हाचा कोंडा द्या, त्यात फॉस्फरस भरपूर असतं. आणि खुराक दुधाच्या हिशोबानं, शरीरासाठी एक-दीड किलो, वर गायीला लिटरमागे साधारण 400 ग्रॅम, म्हशीला 500 ग्रॅम. व्यायल्यावर पहिले दोन महिने गाय दुधात अंग झिजवते, बरगड्या दिसायला लागल्या की समजा ती आधी स्वतःला सावरणार, गर्भाचं नंतर पाहील.

भरल्यावर 21 दिवसांनी परत आली नाही म्हणून गाभण धरून बसू नका. दोन-अडीच महिन्यांनी हात घालून तपासून घ्याच.

मौद्याची ताई:
कळमेश्वरच्या भाऊ, मी म्हशीबद्दल लिहिते कारण माझ्याकडे म्हशीच आहेत. आमचा भाग धानाचा, तणीस भरपूर पण त्यात काही सत्त्व नसतं.

म्हैस उन्हाळ्यात माज दाखवत नाही असं नाही हो, ती मुका माज करते. गायीसारखी उड्या मारत नाही, हंबरतही नाही कधीकधी. पाहायचं काय, तर एका वेळचं दूध अचानक कमी देते, पान्हा सोडायला त्रास देते, घडीघडी थोडं थोडं मुतते, मागची जागा सुजल्यासारखी दिसते. आणि हे सगळं रात्री. म्हशीची सोट पण गायीएवढी लटकत नाही. दूध काढणारी बाई जर रोजची एकच असेल तर तिला हे सगळ्यात आधी कळतं, तुमच्या आईलाच विचारा की म्हैस कोणत्या दिवशी दूध चोरते, त्या दिवसांची तारीख लिहा, 21 दिवसांचं गणित जुळतं का पाहा.

उन्हात म्हशीला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल, काळी कातडी, तापून जाते. आम्ही मार्च ते जून दुपारी दोन वेळा पाणी मारतो, आणि टिनाच्या वर पऱ्हाटी (कपाशीची वाळली झाडं) आणि तणसीचा जाड थर टाकतो, बाजूंनी गोणपाट बांधून ओले ठेवतो. नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) तर ढेप-कुटार सगळं पहाटे आणि रात्रीच द्यायचं, दुपारी खाल्लं की पोटातली गरमी अजून वाढते. हे केलं तर गायींचं पण उलटणं कमी होतं, कारण गाभ राहिल्यावर पहिल्या आठवड्यात अंग तापलं तर तो टिकतच नाही. तुमची एचएफ आहे, तिला नागपूरचं ऊन जर्सीपेक्षा जास्त लागतं. आणि खरं सांगते, म्हशी आपल्याकडे पावसाळा संपल्यापासून थंडीपर्यंतच चांगल्या फळतात, त्यामुळे उन्हाळाभर डोक्याला ताप करून घेण्यापेक्षा तेव्हा तिला सावली, पाणी आणि खुराकावर उभी ठेवा, आणि सप्टेंबरपासून रात्रीची नजर सोडू नका.

तणसीवर किंवा गव्हांड्यावर युरियाची प्रक्रिया करता येते, 100 किलो वाळल्या चाऱ्याला 4 किलो युरिया 50-60 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, थर दाबायचे, ताडपत्रीनं हवाबंद झाकून 21 दिवस ठेवायचं, उघडल्यावर वास उडू द्यायचा आणि मग थोडं थोडं सुरू करायचं. पण युरियाचं पाणी उरलेलं बादलीत ठेवू नका, ढोर प्यायलं तर हातचं जातं. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला हा चारा नाही म्हणजे नाही. आणि तीन एकरातला पाच गुंठ्याचा तुकडा विहिरीजवळचा संकरित नेपियरला द्याच भाऊ, एकदा लावलं की तीन-चार वर्षं कापत राहा. तेवढ्या हिरव्यावर माझ्या म्हशींची तब्येतच बदलली.

गवळाऊप्रेमी वर्धा:
सगळे क्रॉसच्या मागे लागले म्हणून हे लिहून राहिलो. आपल्या भागाची स्वतःची जात आहे, गवळाऊ, वर्धा-नागपूर आणि तिकडे छिंदवाडा-शिवनी-बालाघाटपर्यंतची. पांढरी, उंच, पायानं चपळ. मराठ्यांच्या फौजांच्या वाहतुकीसाठी हे बैल वापरले जायचे असं सांगतात, आणि चालायला घातलं की पटतं. ऊन, गोचीड, निकृष्ट चारा सगळं सहन करते. हेटीकुंडीला, कारंजा घाडगेजवळ, या जातीचा सरकारी फार्म आहे. कळमेश्वरच्या भाऊंनी सांड आणायचा तर गवळाऊचा आणावा, एचएफवर तरी. पुढची पिढी ऊन झेलेल. मले तर वाटते का दहा लिटरच्या लालचीत आपण आपलं ढोर घालवून बसलो.

ढोरांचा डॉक्टर:
गवळाऊबद्दल प्रेम मलाही आहे, आणि ज्याच्याकडे शुद्ध गवळाऊ आहे त्यानं तिला गवळाऊचंच सिमेन भरावं, एचएफ भरून ती जात संपवू नये हे मी प्रत्येक गावात सांगतो. पण दोन गोष्टी स्पष्ट लिहितो. गवळाऊ एका वेताला साधारण 600 किलोच्या आसपास दूध देते, ज्याचं घर डेअरीच्या पगारावर चालतं त्याला ते परवडत नाही. तिची किंमत बैलात होती, आणि बैल आता ट्रॅक्टरमुळे विकत नाहीत.

दुसरं, गावोगाव फिरणारा सांड लावू नका. त्यानं आधी कोणत्या कोणत्या गायी लावल्या हे कोणालाच माहीत नसतं. ब्रुसेला नावाचा रोग असाच पसरतो, सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभ पडतो, वार अडकते, आणि हा रोग माणसालाही होतो. पडलेला गाभ, वार, ते पाणी उघड्या हातानं उचलू नका, प्लास्टिकची पिशवी तरी हातात घाला, आणि चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांना ओढू देऊ नका. कालवडींना 4 ते 8 महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस एकदाच द्यायची असते, आयुष्यभरासाठी, फक्त मादी वासरांना. तुमची कालवड त्या वयात असेल तर लगेच विचारा, वय गेलं की मग नाही.

सांड पाळायचाच तर गावानं मिळून तपासलेला पाळावा, आणि दर तीन वर्षांनी बदलावा, नाहीतर तो स्वतःच्याच मुलींवर जातो.

हिशोबवाला हिंगणा:
मी डॉक्टर नाही, दुधाचं कलेक्शन पाहतो, पण पैशाचं कोणी बोलून नाही राहिलं म्हणून बोलतो. एका रिकाम्या फेरीची किंमत कांडीची नसते. समजा आटत आलेल्या गायीला दिवसाचा 150 रुपयांचा चारा-ढेप लागतो, तर 21 दिवसांचे 3,150. म्हणजे वेळेवर डॉक्टर यावा म्हणून गाडीचं पेट्रोल तुम्ही दिलं तरी ते स्वस्त. दरवर्षी एक वासरू, फार तर 13-14 महिन्यांनी, हा हिशोब बसला तरच लहान गोठा चालतो, त्याच्यावर गेलं की दूध कितीही असो, भाकड काळच सगळं खाऊन जातो.

व्यापाऱ्याला द्यायच्या आधी गाय तपासून घ्याच, आमच्या पट्ट्यात रिकामी समजून विकलेली गाय दुसऱ्याच्या दारात जाऊन व्याल्याचं पाहिलंय. आणि व्यापारी दारात बसून राहतो याचा अर्थच त्याला गायीत काहीतरी दिसून राहिलं.

कालवडच होणाऱ्या सिमेनबद्दल, ते खोटं नाही, 100 पैकी 90 च्या आसपास मादी वासरं होतात. 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर गोऱ्हा विकायची वाटच बंद झाली, लोक मोकळे सोडून देतात अन् तेच मग रात्री दुसऱ्याच्या वावरात शिरतात, त्यामुळे छोट्या माणसाला हे सिमेन खरंच कामाचं आहे. सरकारी दवाखान्यात सवलतीत मिळतं का ते आधी विचारा. पण उलटणाऱ्या गायीला ते भरू नका. त्या कांडीत शुक्राणूच फार कमी असतात, साध्या कांडीच्या दहाव्या हिश्श्याइतके, त्यामुळे टायमिंग जराही चुकलं तर गेलं. ते तुमच्या कालवडीला भरा, नाहीतर जर्सीला, जी एका फेरीत लागते.

इअर टॅग आहे ना कानात, 12 आकडी? भरल्याची नोंद त्यावर करून घ्या. कधी विकायची वेळ आली, विमा काढायचा झाला, तर कागद बोलतो.

कळमेश्वरवाला:
सगळ्यांचे खरंच आभार, एवढं कोणी समोर बसून पण सांगत नाही. आता कळवतो काय झालं ते. डॉक्टर येऊन तपासून गेले. गर्भाशय ठीक आहे, मोठं इन्फेक्शन नाही, पण अंगानं गाय कमी आहे म्हणाले, जंताचं औषध दिलं, गोचीड भरपूर निघाले कासेजवळ आणि कानात, त्याचं औषध दिलं, मिनरल मिक्स्चर सुरू केलं आणि सांगितलं की एक माज सोडून द्या, तेवढ्यात तब्येत सुधरू द्या, पुढच्याला भरू. कोंडा पण सुरू केला. रात्रीचं पाहून राहिलो, आणि ताईंनी सांगितल्यासारखं आईला विचारलं तर तिनं म्हशीचे दूध चोरायचे दिवस तोंडपाठ सांगितले, पंचमीच्या दोन दिवस आधी आणि मग पोळ्याच्या आधी, मोजलं तर जवळपास तीन आठवडे येतात! म्हणजे म्हैस माजावर येतच होती. हे आईला माहीत होतं पण तिला कोणी विचारलंच नाही.

गोचिडाचं गाभण राहण्याशी काही घेणंदेणं आहे का? आणि कालवड किती महिन्यांची झाली की भरायची, कोणी 15 म्हणतं कोणी 24.

काटोलचा दूधवाला:
आईचं ऐकून बरं वाटलं भाऊ. कॅलेंडर त्यांच्याच हातात द्या.

ढोरांचा डॉक्टर:
गोचिडाचं आहे ना. ते रक्त पितात म्हणून गाय खंगते तो एक भाग, पण मोठा धोका त्यांच्यापासून पसरणाऱ्या तापाचा. थायलेरिया क्रॉस गायीत फार घातक, ताप 105-106, कानाखालच्या, खांद्यासमोरच्या गाठी सुजतात, खाणं बंद, नंतर डोळे-हिरड्या पांढऱ्या पडतात. असा ताप दिसला तर दोन दिवस वाट पाहू नका, त्याचं खास इंजेक्शन लवकर दिलं तरच वाचते. गाभण असेल तर अशा तापात गाभ पडतोच पडतो. औषध फक्त गायीला लावून होत नाही, गोचीड अंडी घालतात भिंतीच्या भेगांत आणि गव्हाणीखाली, तिथे भेगा बुजवा, कोठा रिकामा करून फवारा मारा, 15 दिवसांनी परत. फवारणीच्या दिवशी चारा-पाण्याची भांडी बाहेर काढा आणि ढोरांना आधी पोटभर पाणी पाजा, म्हणजे अंग चाटून औषध पोटात जाणं कमी होतं.

मौद्याची ताई:
एक राहिलंच लिहायचं, म्हैस गाभण राहिली की 10 महिने 10 दिवसांचा हिशोब ठेवा, गायीला 9 महिने 9 दिवस. व्यायच्या दोन महिने आधी दूध बंद करा, पैशासाठी शेवटपर्यंत पिळू नका, पुढच्या वेताचं दूध तिथंच ठरतं. आणि वार 12 तासांत पडली नाही तर डॉक्टरला बोलवा, वजन बांधून ओढू नका, आमच्याकडे अजून पण दगड बांधतात लोक, त्यानं आत जखम होते आणि मग तीच म्हैस वर्षभर उलटत राहते.

वासराला अर्ध्या-एक तासात चीक पाजा, वार पडायची वाट पाहत बसू नका, ही समजूत फार आहे अजून. वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पहिल्या दिवसात पोटात गेलाच पाहिजे, दोन-तीन वेळात. नाळेला आयोडीन. आणि म्हशीच्या पारड्याला 10-15 व्या दिवशी जंताचं औषध द्याच, आईच्या दुधातूनच जंत जातात त्याच्या पोटात, पांढरी चिकणमातीसारखी हगवण लागते आणि महिन्या-दीड महिन्याचं पारडू जातं. लोक म्हणतात दूध बाधलं. दूध नाही बाधत.

काटोलचा दूधवाला:
कालवडीचं उत्तर राहिलं. महिने मोजू नका, वजन मोजा. क्रॉस कालवड साधारण 250 किलोची झाली की भरायची, मग ती 16 महिन्यांची असो की 22 ची. खायला चांगलं मिळालं तर लवकर होते, कुटारावर वाढली तर दोन वर्षं लागतात. कमी वजनात भरली तर वासरू अडकतं, किंवा व्याल्यावर परत माजावर यायलाच वर्ष घालवते.

वजनकाटा गावात नसतो तर शिंप्याकडचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात, आणि खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या बसायच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, आलं किलोत वजन. म्हणजे घेर 60 आणि लांबी 46 असली तर 250 किलो झाली. सकाळी चारा टाकायच्या आधी मोजा, चारही पाय सरळ उभे असताना, आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला. तुमच्या कालवडीचा घेर किती येतो ते इथं टाका, मग सांगतो अजून किती थांबायचं ते.

कळमेश्वरवाला:
घेर 54, लांबी 43 आली. म्हणजे 190 किलो.

काटोलचा दूधवाला:
मग थांबा अजून. रोज एक-दीड किलो खुराक, मिनरल, आणि ते नेपियर लावाच. दिवसाला 400 ग्रॅम वजन वाढलं तरी पाच महिन्यांत येते बरोबर. तोपर्यंत माजावर आली तरी भरू नका, फक्त तारीख लिहा.